हलणारे कान

खिडकीतून आलेला दगड दादांनी फेकून दिला नाही. उबवणीच्या खोलीतल्या टेबलावर, अंडी उजेडाला धरून तपासायच्या दिव्याशेजारी, त्यांनी तो नीट मांडून ठेवला होता. छोटी आत आली की पहिल्यांदा तिला तोच दिसावा, असा.

आम्ही सगळे तिथं जमलो, कारण घरात मोकळेपणानं बोलायची सोय राहिली नव्हती. कुंपणापलीकडे दिवसभर कुणी ना कुणी उभं असे. काही करत नसत, नुसते उभे असत. फाटकावर चुन्यानं कुणीतरी ‘माकडखाना’ लिहिलं होतं. मी आणि वहिनींनी ते घासून काढलं, तर दुसऱ्या दिवशी आणखी मोठ्या अक्षरात उमटलं. उबवणीच्या खोलीची मात्र एकही भिंत बाहेरच्या बाजूला नव्हती, यंत्रांची घरघर अखंड चालू असे आणि त्या घरघरीत आवाज बुडून जाई.

“भिंतीला कान असतात,” दार लावून घेताना वहिनी म्हणाल्या. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, दादांची बायको. घरात सगळेच त्यांना वहिनी म्हणत, मीही म्हणे.

एरवी यावर कुणीतरी लगेच म्हटलं असतं, “आणि आपल्या घरात तेही हलतात!” घरातला जुना विनोद होता तो. त्या दुपारी कुणाच्या तोंडातून तो निघाला नाही.

कारण सगळा घोटाळा त्या कानांनीच केला होता.

माझ्या सासरी कान हलतात. भुवई हलत नाही, जबडा हलत नाही, नुसते कान मागे जातात आणि पुढे येतात. ही उबवणी ज्यांनी सुरू केली त्या आजेसासऱ्यांचे हलत. त्यांच्या मुलीचे, म्हणजे आत्याबाईंचे हलत. सासऱ्यांचे हलत. दादांचे, छोटीचे हलत. नातवंड जरा बोलायला लागलं की आजोबा त्याला मांडीवर घेत आणि म्हणत, “हलव!” मूल हसत हसत कान हलवी. मग आजोबा सगळ्यांकडे बघून म्हणत, “ज्याचे हलतात, तो आपला.”

माझे हे मधले. ह्यांचे कान हलले नाहीत. आजोबांनी पुष्कळ वाट पाहिली, चिमटे काढून पाहिले, आणि शेवटी ह्यांचं नाव ठेवलं ठोकळा. ते जन्मभर चिकटलं. लग्नात माझ्या मामांनी विचारलं होतं, “जावईबापूंना ठोकळा का म्हणतात गं?” मी म्हटलं, “भक्कम आहेत म्हणून.” ते काही खोटं नव्हतं.

छोटी शाळेत जीवशास्त्र शिकवायची. आमची नणंद, सगळ्यांत धाकटी, पण बोलायला लागली की वर्गातल्या मागच्या बाकांनाही मान खाली घालावी लागे. उत्क्रांतीचा धडा आला तेव्हा तिनं मुलांना सांगितलं, “आपल्या कानामागे बारीक स्नायू आहेत. फार फार जुन्या पूर्वजांना आवाजाच्या दिशेनं कान वळवावे लागत. आपल्याला लागत नाहीत. बिऱ्हाड कधीच हललंय, पण खुंट्या भिंतीला राहिल्यात.” आणि मुलांना पटावं म्हणून तिनं केस मागे सारले आणि कान हलवून दाखवले.

वर्ग हसला. मुलं हसत घरी गेली. या कानाचं त्या कानाला होता होता संध्याकाळपर्यंत त्याचं झालं, “बाई माकडासारखे कान हलवतात, आणि म्हणतात तुमचे आईबाप माकडांच्या पोटचे.” दोन दिवसांत पालक समितीची बैठक झाली. समितीचा अध्यक्ष होता लाकडाच्या वखारीचा मालक. त्यानं निरोप पाठवला की बाईंनी शाळेच्या सभागृहात सगळ्यांसमोर उभं राहून म्हणावं, ‘मी शिकवलं ते चूक होतं.’ नाहीतर पुढचं त्याच्या हातात नाही.

पुढचं म्हणजे काय, ते सोमवारी कळलं. कुणीतरी आमची विजेची तार तोडली. तार परत जोडेपर्यंत जनरेटर होता म्हणून अंडी वाचली. मग दगड आला. आणि आज पाच वाजता वखारवाला स्वतः उत्तर ऐकायला येणार होता.

“एक वाक्य आहे,” दादा म्हणाले. “फक्त एक वाक्य. उभी राहा, म्हण, बस खाली. मनात काय ठेवायचं ते ठेव. मन उघडून कोण बघतंय?”

“दादा, मी ते मुलांना शिकवलंय.”

“मुलं विसरतात.”

“म्हणून तर शिकवावं लागतं.”

“ही बघ, ही बघ!” दादा वहिनींकडे वळले. “वर्गात बोलल्यासारखी बोलते माझ्याशी.”

वहिनी यंत्राच्या काचेतून आत बघत होत्या. मला तेव्हा वाटलं त्या अंडी बघताहेत. पुढे कितीतरी वर्षांनी, आम्ही दोघी म्हाताऱ्या झाल्यावर, त्यांनी मला सांगितलं की त्यांना काचेत फक्त आपल्या मुलीचं तोंड दिसत होतं. तिच्या बाकावर शेजारी बसायला शाळेत कुणी तयार नव्हतं, आणि तिनं ते आईला सांगितलं नव्हतं. दुसऱ्याच कुणीतरी सांगितलं होतं.

“म्हण गं एकदा,” वहिनी काचेकडेच बघत म्हणाल्या. “पोरीसाठी म्हण.”

छोटीनं दगड उचलून हातात तोलला आणि परत ठेवला.

“आणि मला एक सांग,” दादांचा आवाज चढला, “आजोबांपासून आपण कोंबड्या निवडतोय. चांगली ठेवायची, वाईट काढायची. इतक्या पिढ्या झाल्या, एखादीचं बदक झालेलं बघितलंस? कोंबडी ती कोंबडीच!”

“खुडूक कोंबडी शेवटची कधी बघितलीस, दादा?”

खुडूक म्हणजे अंडी उबवायला बसलेली कोंबडी. ती बसली की अंडी घालायचं थांबवते. आजोबांचा नियमच होता, खुडूक बसणारी कोंबडी वाणात ठेवायची नाही. बसली की काढली.

“माझ्या लहानपणी असायच्या,” दादा म्हणाले.

“आता अख्ख्या शेडमध्ये एक शोधून दाखव. अंड्यासमोर ठेव तिला, ओळखतसुद्धा नाही. आईपण विसरलीय ती. कुणी विसरायला लावलं? आपणच. निवडून निवडून. मी वर्गात याहून वेगळं काय सांगितलं?”

“ते आपण केलं. माणसाला कुणी निवडलं?”

“थंडीनं. भुकेनं. आजारानं. जो टिकला त्याची पोरं.”

“म्हणजे देवाचं काहीच नाही,” दादा म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. मी त्यांना कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. त्यांना बाहेरच्या लोकांची भीती होतीच. पण त्या क्षणी मला वाटलं, त्यांना आपल्या बहिणीची जास्त भीती वाटतेय. “असलं बोलू नकोस. आत अंडी आहेत.”

जणू अंड्यांनी ऐकलं असतं.

माझे हे नट आवळायच्या पान्ह्यानं हात खाजवत म्हणाले, “तिला नाही म्हणायचं तर नको म्हणू दे. जनरेटर आहे. मी रात्री बाहेर झोपतो.”

“तुझं काय जातंय?” दादा फटकन बोलले. “ठोकळा तो ठोकळा.”

ह्यांनी पान्हा खिशात घातला. आत्याबाई कोपऱ्यात खुर्चीवर बसल्या होत्या, त्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं नाही. तशा त्या ह्यांच्याकडे कधीच धड पाहत नसत. मी लग्न होऊन आले तेव्हापासूनच बघत आले होते. दादांना ‘राजा’, छोटीला ‘बाय’, आणि ह्यांना काही नाही. नुसतं ‘अरे’.

पाचला वखारवाला आला. त्याच्याबरोबर आलेले दोघे फाटकाशीच थांबले. त्यांना आत बोलावलं तरी येईनात, पाणीही नको म्हणाले. तेच मला जास्त भीतीचं वाटलं.

माणूस दणकट होता, साठीकडे झुकलेला, कपड्यांना भुशाचा वास. बोलणं मात्र मऊ. दगड दिसताच त्यानं तो उचलून पाहिला. “अरेरे. पोरंसोरं असतील कुणी. मी ओरडेन त्यांना.” मग तो यंत्रांभोवती फिरला, काचेतून वाकून पाहिलं. “कधी फुटणार ही?”

“आज-उद्या,” दादा म्हणाले. “काहींना आतून पिल्लाची टोच लागलीय.”

“म्हणजे नाजूक वेळ.” त्यानं काचेवर बोट टेकवलं. “वीज जायला नको. माझ्या हातात असतं ना, तर तारेला कुणी हात लावला नसता. पण लोक माझं तरी किती दिवस ऐकतील? तुम्हीच सांगा, आत्याबाई. तुम्ही वडीलधाऱ्या.”

आत्याबाई म्हणाल्या, “तुझी आई कशी आहे?”

“आहे. गुडघे गेलेत. तुमची आठवण काढते कधी कधी.”

“काढते?”

“हो. म्हणते, लहानपणी आम्ही दोघी या इथं पिल्लं निवडायचो.” तो हसला, खुर्ची ओढून बसला, मग छोटीकडे वळला. “बाई, रागावू नका. माझा तुमच्यावर वैयक्तिक राग नाही. पण माझा नातू घरी येऊन मला म्हणतो, आजोबा, तुम्ही माकड होता का? काय सांगू मी त्याला?”

“सांगा, नव्हतो. पण आपले आणि माकडांचे पूर्वज एक होते. चुलत घराणी आहेत.”

“चुलत घराणी!” तो मोठ्यानं हसला. “असल्या चुलत्यांना कोण दारात उभं करतो? बरं, दाखवा तरी एकदा, काय दाखवलंत पोरांना.”

“इथं?”

“का? वर्गात नाही लाज वाटली?”

ह्यांचा हात खिशातल्या पान्ह्यावर गेलेला मी पाहिला आणि त्यांच्या बाहीला धरलं. छोटीनं केस कानामागे सारले. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण तोंडावरची रेष हलली नाही. कान मागे गेले, पुढे आले. पुन्हा मागे, पुन्हा पुढे.

कुणी हसलं नाही. वखारवालाही हसला नाही. तो एकटक बघत होता. आणि जांभई बघून जांभई यावी तसे त्याचे स्वतःचे कान मागे सरले. डावा आधी, मग उजवा.

त्याला कळलंही नाही. घराण्याची खूण म्हणून ते ओळखलं आत्याबाईंनी, आणि त्यांच्या तोंडाकडे बघून वहिनींनी. आत्याबाईंनी पुढे सांगितलं की तेवढ्या एका क्षणात खोलीतून माणसं नाहीशी झाली आणि समोरच्या खुर्चीवर त्यांचे वडील बसले आहेत असा भास झाला. तेच जाड कान, तोच डावा आधी. त्यांनी आपल्या खुर्चीचा हात इतका घट्ट धरला की नंतर बोटं सुटेनात.

“उद्या सकाळी,” वखारवाला उठत म्हणाला. “एक वाक्य, बाई. मग मी या घराला नखाचाही धक्का लागू देणार नाही.”

तो गेला, फाटक वाजलं, आणि बाहेरची माणसं काहीतरी बोलली ते आम्हाला कळलं नाही.

“दार लाव,” आत्याबाई म्हणाल्या.

वहिनींनी लावलं.

“तो आपला आहे,” आत्याबाई म्हणाल्या. “बाबांचा.”

दादांना कळेचना. मग त्यांनी सांगितलं. वखारवाल्याची आई त्यांच्याच वयाची, त्यांची मैत्रीण. दोघी इथं पिल्लं निवडायच्या, दिवसभर हसायच्या. एक दिवस ती यायची बंद झाली. का, ते तिनं सांगितलं नाही आणि बाबांना विचारायची कुणाची छाती नव्हती. लगेच तिचं लग्न झालं, आणि हा झाला. “तेव्हापासून माझ्या मनात होतं. आज डोळ्यांनी पाहिलं.”

“मीही पाहिलं,” वहिनी हळूच म्हणाल्या. “हलले. खरंच हलले.”

दादा उभे राहिले. मघाशी घाबरलेला माणूस तो हाच का, असं वाटावं इतके ते बदलले. “अरे वा! अरे वा! कानामागून आला नि तिखट झाला म्हणतात तो हाच! आता बघतो. मी आत्ता जातो त्याच्या वखारीत. नाहीतर उद्या सभागृहातच विचारतो, अध्यक्षमहाराज, जरा कान दाखवा! माकडाची अवलाद कुणाची ते कळू दे गावाला.”

“आणि त्याची आई?” वहिनी म्हणाल्या. मघापर्यंत दादांच्या बाजूनं असलेल्या वहिनी अशा एकदम उलटल्या. “ती म्हातारी जिवंत आहे हो. उद्या तिनं तोंड कुठं लपवायचं? तिच्यावर काय ओढवलं होतं ते तुम्हाला माहीत तरी आहे का?”

“आपल्यावर दगड पडताहेत आणि तुला तिची पडलीय!”

“राजा बरोबर बोलतोय,” आत्याबाई म्हणाल्या. “पण जगजाहीर नको. मी एकटी जाऊन त्याला सांगते. रक्ताची ओळख पटली की माणूस रक्तावर दगड टाकत नाही. ज्याचे हलतात तो आपला.”

तेव्हा हे बोलले. ओरडले नाहीत. यंत्राच्या झाकणावरची धूळ हातानं पुसत, तिच्याकडेच बघत बोलले.

“मग मी कुणाचा, आत्या?”

त्यांनी धुळीचा हात सदऱ्याला पुसला.

“त्याचे हलले म्हणून तो आपला. माझे हलले नाहीत. मग मी कुणाचा ते पण सांग. आज सगळं सांगायचंच आहे तर.”

त्यामागचं मला माहीत होतं, दादांना माहीत होतं, सगळ्यांना माहीत होतं. हे वर्षाचे असताना आजोबा भर जेवणात हसून म्हणाले होते, “हा कुठला पाहुणा?” त्या दिवसापासून माझ्या सासूबाई त्या घरात हसल्या नाहीत. आत्याबाईंनी त्यांच्याशी कामापुरतं बोलणं ठेवलं, त्या मरेपर्यंत. कुणी कधी उच्चार केला नाही. फक्त ठोकळा म्हणत राहिले, आणि हे ‘ओ’ देत राहिले.

“हे बघ,” छोटी म्हणाली. ती आत्याबाईंसमोर जमिनीवर बसली. “आत्या, माझ्याकडे बघ. वर्गात मी कान हलवून झाल्यावर विचारलं, आणखी कुणाचे हलतात? कितीतरी हात वर झाले. वेगवेगळ्या घरची मुलं. ती काय सगळी आजोबांची?”

“आजोबांचं काही सांगता येत नाही,” वहिनी म्हणाल्या, आणि मग आपणच तोंडावर हात ठेवला. मला हसू फुटलं. अशा वेळी हसू आलं की ते थांबत नाही.

“डावा आधी हलला,” आत्याबाई हट्टानं म्हणाल्या. “बाबांसारखा.”

“माझा उजवा आधी हलतो. मग मीही पाहुणी?”

“तसं नाही गं…”

“तसंच आहे. आपल्या पांढऱ्या जोडीला कधी कधी ठिपक्यांचं पिल्लू येतं. आजोबांनी त्यासाठी कधी कोंबडीवर संशय घेतला? म्हणायचे, जुनं काहीतरी वर आलं, नाहीतर काहीतरी आत राहिलं. कोंबडीला जो न्याय दिला, तो सुनेला का नाही दिला? आईचं जन्मभर वाटोळं केलं ते एका स्नायूनं, आत्या. त्या स्नायूनं काही म्हणजे काही सिद्ध होत नाही. कदाचित वखारवाला आजोबांचा असेल. कदाचित नसेल. मला माहीत नाही. तुलाही नाही.”

“तुझी नोकरी वाचेल,” दादा म्हणाले. “घर वाचेल.”

“उद्या मी तिथं उभी राहणार ते एवढंच सांगायला, की दिसतं ते नीट तपासल्याशिवाय बोलू नये. आणि आज घरात बसून, न तपासता, एका म्हातारीची अब्रू काढू? मग तो दगड टाकणारा आणि मी यात फरक काय राहिला? मला भीती वाटतेय, दादा. मी काही शूर नाही. पण हे नको.”

आत्याबाईंनी विचारलं, अगदी बारीक आवाजात, “काहीच सिद्ध होत नाही?”

“काहीच नाही.”

“म्हणजे तुझी आई…”

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत घरघर थांबली.

त्या खोलीत किती आवाज होता हे तो गेल्यावर कळत असे. दिवा गेला. काचेमागचा पंखा फिरत फिरत मंद झाला आणि अडला. हे अंधारातच बाहेर धावले. जनरेटरची दोरी ओढल्याचा आवाज आला, पुन्हा ओढल्याचा, पुन्हा. मग ते आत आले. “टाकीत माती घातलीय कुणीतरी.”

बाहेर कुंपणापलीकडे कुणीतरी शीळ घातली. उत्तरादाखल दुसरीकडून शीळ आली.

“गोधड्या आणा,” वहिनी म्हणाल्या. “टोच लागलेली अंडी पहिल्यांदा काढा. चुलीवर पाणी ठेवा.”

गरम पाण्याच्या बाटल्या पुरेनात. बाटल्या निवत, आणि अंडी निवून चालणार नव्हतं. शेवटी आम्ही जमिनीवर गोधड्या पसरून बसलो, मांडीत, पोटाशी, काखेत अंडी घेऊन, आणि वरून पांघरुणं. कंदिलाच्या उजेडात सगळे एकमेकांना चिकटून. बाहेर पावलं वाजत होती. मध्येच फाटकावर काहीतरी आपटे आणि आम्ही सगळे एकदम दचकत असू, पण कुणी हलत नसे. हलता येत नव्हतं.

दादा म्हणाले, “आजोबांनी उभ्या जन्मात एक खुडूक ठेवली नाही. आता सगळं खानदानच खुडूक बसलंय.”

छोटी हसली आणि मग रडली, दोन्ही आवाज न करता, अंडी हलू नयेत म्हणून.

आत्याबाईंच्या पदराखाली पहिलं अंडं फुटलं. त्यांनी ओलं पिल्लू तळहातावर घेतलं, ते थरथरत होतं. त्यांनी इकडे-तिकडे पाहिलं, आणि मग ह्यांच्याकडे पाहिलं, सरळ.

“बाळ,” त्या म्हणाल्या, “इकडे सरक. तुझ्या अंगाला ऊब जास्त आहे.”

हे सरकले. आत्याबाईंनी पिल्लू त्यांच्या सदऱ्याच्या आत ठेवलं आणि हात तिथंच राहू दिला. मी दुसरीकडे बघितलं.

सकाळी पुष्कळशी पिल्लं जगली होती, काही अंडी निवली होती. आम्ही तोंडं धुतली आणि शाळेत गेलो. छोटीनं एकटी जाते म्हटलं, पण वहिनींनी आपल्या मुलीचा हात धरला आणि पुढे चालायला लागल्या, मग बोलण्यासारखं काही उरलं नाही.

सभागृह भरलेलं होतं. आम्ही आत आलो तशी कुजबुज थांबली, आणि आम्ही बसल्यावर आमच्या आजूबाजूच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. वखारवाला मंचावर बसला होता. त्याच्या आईला मुद्दाम पहिल्या रांगेत आणून बसवलं होतं, काठी मांडीवर आडवी घेऊन. आत्याबाई आणि ती, दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मान कुणीच हलवली नाही.

छोटी उभी राहिली. तिच्या केसात अंड्याच्या कवचाचा तुकडा अडकलेला होता, तो मला मागून दिसत होता.

“मी शिकवलं ते बरोबर होतं,” ती म्हणाली. “कुणाच्या आईबापांना मी माकड म्हटलेलं नाही. पण शिकवलं ते परत घेत नाही.”

“मग या शाळेत तुमचं काम नाही,” वखारवाला म्हणाला.

एकदम गलका उठला. मागून कुणीतरी ओरडलं, “अगं माकडीण, कान हलवून दाखव!” आणखी आवाज मिसळले. “हलव! हलव!” पाय आपटायला लागले, खुर्च्या वाजायला लागल्या. पुरुष उभे राहिले, वाटेत येऊ लागले. आजोबांचाच शब्द तो, “हलव!”, पण असा मी तो कधी ऐकला नव्हता. वहिनींनी मुलीला पोटाशी ओढलं.

दादा ताडकन उठले. “तिला काय सांगता? आधी तुमच्या अध्यक्षांना म्हणा, कान—”

“खाली बस,” आत्याबाई म्हणाल्या.

पण तेवढ्यानं गलका चिरला गेला. वखारवाला उभा राहिला होता. “काय म्हणालात? माझ्या कानांचं काय?” त्याचा चेहरा लाल झाला होता, आणि रागानं त्याचे कान मागे सरले, डावा आधी, मग उजवा. दादांनी पाहिलं. ह्यांनी पाहिलं. पहिल्या रांगेतल्या म्हातारीनं काठी घट्ट धरली. “बोला ना! आत्याबाई, तुम्ही सांगा. तुम्ही वडीलधाऱ्या. काय म्हणायचंय तुमच्या घराला?”

सगळं सभागृह आत्याबाईंकडे बघत होतं. त्या उठल्या. गुडघ्यांना हात लावून, सावकाश. त्यांनी मंचाकडे पाहिलं, मग मैत्रिणीकडे पाहिलं. तिचे ओठ हलत होते पण आवाज नव्हता. मग त्यांनी शेजारी बसलेल्या ह्यांच्याकडे पाहिलं, आणि मग छोटीकडे.

त्यांनी दोन्ही हात वर उचलले आणि आपल्या दोन्ही कानांवर ठेवले.

“मला काही माहीत नाही,” आत्याबाई म्हणाल्या.